लष्करी सेवेनंतरचा शिक्षणलाभ ट्रेड स्कूलसाठी वापरावा का? (जीआय बिल, वेल्डिंग, टेनेसी)

वैराटगड
६ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

मी मूळचा वाई तालुक्यातला. लग्नानंतर ग्रीन कार्डावर अमेरिकेत आलो, २०१८ साली इथल्या लष्करात भरती झालो, सेवेत असतानाच नागरिकत्व मिळाले आणि सात वर्षे वाहनदुरुस्तीचे काम करून या जूनमध्ये सन्मानाने सेवामुक्त झालो. शेवटची चार वर्षे फोर्ट कॅम्पबेलला होतो, त्यामुळे बिऱ्हाड अजून क्लार्क्सव्हिलमध्येच आहे. पत्नी रुग्णालयात नोकरी करते आणि मुलगी चार वर्षांची आहे.

पोस्ट ९/११ जीआय बिलाचे, म्हणजे अमेरिकी माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षणलाभाचे, पूर्ण ३६ महिने माझ्या नावावर शिल्लक आहेत आणि सेवा तीन वर्षांहून अधिक झाल्यामुळे लाभाचे प्रमाण शंभर टक्के आहे. मला वेल्डिंग शिकायचे आहे. सेवेत असताना तुटलेल्या चौकटी आणि ब्रॅकेट जोडण्याचे काम अनेकदा माझ्याकडे आले आणि ते करताना जे समाधान मिळाले, ते इंजिन उघडण्यातही कधी मिळाले नाही. एका खासगी वेल्डिंग शाळेत चौकशी केली, तेव्हा तिथल्या प्रवेश-प्रतिनिधीने सांगितले की दहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, तुम्हाला एक पैसाही भरावा लागणार नाही, उलट दरमहा घरभत्ता मिळेल. त्यानंतर तो आठवड्यातून तीन वेळा फोन करत आहे.

घरच्यांचे मत वेगळे आहे. सासरच्या मंडळींना वाटते की सरकार संपूर्ण पदवीचा खर्च देत असताना ती संधी लोखंड जोडायला वापरणे म्हणजे ती वाया घालवणे आहे. माझे वडील भारतीय लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या दलात, हवालदार होते आणि त्यांनी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या. ते याविषयी काहीच बोललेले नाहीत. मला हातांनी करण्याच्या कामाची लाज मुळीच नाही, परंतु हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो, म्हणून तो वापरण्याआधी जाणत्या लोकांशी बोलावे असे वाटले. येथे कोणी हा लाभ व्यवसायशिक्षणासाठी वापरला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

---

मेघना_क
६ सप्टेंबर २०२५, दुपारी १:१५

नमस्कार. मी एका सार्वजनिक महाविद्यालयात सर्टिफायिंग ऑफिसर म्हणून काम करते. माजी सैनिकांचे प्रवेश, तास आणि शुल्क यांची माहिती व्हीएला (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याला) कळवणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे "एक पैसाही भरावा लागणार नाही" हे वाक्य शब्दशः खरे असले, तरी ते तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही. तुमच्या खात्यात डॉलर जमा नसून महिने जमा आहेत. दहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम केला की ३६ पैकी दहा महिने जातात, मग त्या अभ्यासक्रमाचे शुल्क चार हजार असो वा पंचवीस हजार. त्यामुळे शाळेचे शुल्क किती, यापेक्षा त्या दहा महिन्यांत तुमच्या हाताला काय येणार आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

आता पैसे कसे येतात ते पाहू. सार्वजनिक संस्थेत राज्यातील रहिवाशांना लागू असलेले संपूर्ण शुल्क व्हीए थेट संस्थेला देते. खासगी संस्थेत आणि पदवी न देणाऱ्या खासगी व्यवसायशाळेत मात्र वार्षिक कमाल मर्यादा आहे. १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या शैक्षणिक वर्षासाठी ती २९,९२० डॉलर ९५ सेंट इतकी आहे. हे वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे मोजले जाते. पुस्तके आणि साहित्य यांसाठी व्यवसायशाळेत दरमहा ८३ डॉलर मिळतात. वेल्डिंगमध्ये हेल्मेट, चामडी हातमोजे, जाकीट, ग्राइंडर असे बरेच साहित्य स्वतःचे लागते आणि ते ८३ डॉलरांत बसणार नाही, त्यामुळे साहित्याचा संच शुल्कात धरलेला आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावे.

घरभत्ता हा अवलंबित कुटुंबीय असलेल्या ई-५ दर्जाच्या सार्जंटला त्या पिनकोडवर जो मिळतो तितका असतो, मग तुमचे स्वतःचे पद काहीही असो. तो तुम्ही राहता त्या ठिकाणावरून नव्हे, तर जिथे बहुतेक वर्ग भरतात त्या ठिकाणावरून ठरतो. या भत्त्यावर प्राप्तिकर लागत नाही. तो महिना संपल्यावर येतो आणि सुट्टीच्या काळाचा मिळत नाही, म्हणून प्रवेश घेताना दोन-तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी असणे आवश्यक आहे.

व्यवसायशाळांचे मोजमाप क्रेडिटांत नसून घड्याळी तासांत असते आणि येथे अनेकजण फसतात. कार्यशाळेतील कामाला प्राधान्य असलेल्या अभ्यासक्रमात आठवड्याला २२ तास म्हणजे पूर्णवेळ, आणि वर्गातील शिकवणीला प्राधान्य असल्यास १८ तास म्हणजे पूर्णवेळ धरले जाते. घरभत्त्यासाठी उपस्थिती पूर्णवेळाच्या निम्म्याहून अधिक असावी लागते. निम्मी चालत नाही. एका विद्यार्थ्याने नोकरी सांभाळून संध्याकाळचे ११ तासांचे वेल्डिंगचे वर्ग घेतले आणि पहिल्या महिन्याच्या शेवटी घरभत्ता शून्य पाहून तो माझ्या टेबलासमोर हताश बसला होता. बावीसचे निम्मे अकरा, म्हणून तो अपात्र ठरला. हे त्याला प्रवेशाच्या वेळी कोणीही सांगितले नव्हते.

दर महिन्याच्या शेवटी "मी अजून शिकत आहे" अशी पुष्टी व्हीएला मोबाइल संदेशाने किंवा संकेतस्थळावरून द्यावी लागते. सलग दोन महिने ती दिली नाही तर घरभत्ता थांबतो. व्यवसायशाळांतील विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत ऑगस्ट २०२१ पासून आहे.

---

तांबटआळी
६ सप्टेंबर २०२५, रात्री ८:०२

मेघनाताईंनी नियम इतके स्पष्ट सांगितले आहेत की मी त्यांत भर घालणार नाही. मी कामाविषयी लिहितो. मी नौदलात होतो, २०१४ साली बाहेर पडलो आणि तेव्हापासून ओहायोत पाइप वेल्डिंग करतो.

वेल्डिंगमध्ये प्रमाणपत्राला फार किंमत नाही. किंमत चाचणीला आहे. कोणत्याही नव्या कंत्राटावर गेलात की पहिल्या दिवशी तुमच्यासमोर दोन तुकडे ठेवतात आणि जोड करायला सांगतात. त्या जोडातून पट्ट्या कापून त्या यंत्रावर इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवतात, आणि जोडाच्या पृष्ठावर एक अष्टमांश इंचापेक्षा मोठी फट उघडली तर तुम्ही नापास झालात. तुम्ही कोणत्या शाळेत शिकलात, तिची इमारत किती नवी आहे, हे तेव्हा कोणी विचारत नाही. म्हणून शाळा निवडताना एकच गोष्ट मोजा: आठवड्यातले किती तास आर्क, म्हणजे वेल्डिंगची विद्युत-ज्योत, प्रत्यक्ष पेटलेला असतो. बूथ किती आहेत, एका बूथमध्ये किती विद्यार्थी उभे राहतात, सरावाचे लोखंड भरपूर मिळते की मोजून देतात, आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत पंचेचाळीस अंशांत तिरक्या बसवलेल्या पाइपवर, म्हणजे सिक्स-जी स्थितीत, तुम्ही जोड करू शकाल का, हे जाऊन डोळ्यांनी पाहा. शाळेने दाखवायला नकार दिला, तर परत फिरा.

मी स्वतः ट्रॉय गावातल्या होबार्ट संस्थेत शिकलेल्या लोकांबरोबर काम केले आहे. ती १९३० पासूनची ना-नफा संस्था आहे आणि तिथून आलेल्या माणसाच्या हाताला शिस्त असते. परंतु सार्वजनिक तंत्रमहाविद्यालयातून आलेले तितकेच चांगले वेल्डरही मी पाहिले आहेत. तुमच्या टेनेसीत तर उपयोजित तंत्रज्ञानाची सार्वजनिक महाविद्यालये राज्यभर आहेत, ज्यांना तिकडे टीकॅट म्हणतात, आणि क्लार्क्सव्हिलमध्येही त्यांचे केंद्र आहे. त्यांचे शुल्क खासगी शाळेच्या तुलनेत फारच कमी आहे. तुम्ही ते पाहिले नसेल, तर खासगी शाळेच्या माणसाचा फोन उचलण्याआधी ते पाहून या.

---

निवृत्त_सुभेदार
७ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:३०

मी सातारा जिल्ह्यातूनच लिहीत आहे. अमेरिकेतील नियम मला ठाऊक नाहीत, परंतु माझा अनुभव या मुलाच्या उपयोगी पडेल असे वाटते.

आमच्याकडे निवृत्तीपूर्वी पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे, अभ्यासक्रम असतात आणि जवान व जेसीओ (कनिष्ठ अधिकारी) यांचा खर्च तेच उचलते. माझी पाळी आली तेव्हा मी सुरक्षाव्यवस्थेचा अभ्यासक्रम निवडला, कारण माझ्या तुकडीतील सर्वांनी तोच निवडला होता. वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रमही यादीत होता. त्यानंतर अकरा वर्षे मी एका गृहसंकुलाच्या फाटकावर काढली, आणि माझ्याच बॅचचा एक लान्स नाईक, ज्याने दुरुस्तीचा अभ्यासक्रम घेतला होता, त्याचे आज कराडला स्वतःचे दुकान आहे. फाटकावरचे काम कमी प्रतीचे आहे असे मी म्हणत नाही. मी निवड विचार न करता केली, एवढेच सांगतो.

बाळा, तुझ्या वडिलांना तू स्वतः विचार. ईएमईचा माणूस लोखंड जोडणे वाया गेले असे कधीच म्हणणार नाही.

एक प्रश्न आहे. हा मुलगा उद्या वाईला परत आला, तर हे महिने इथल्या आयटीआयमध्ये वापरता येतील का?

---

मेघना_क
७ सप्टेंबर २०२५, सकाळी १०:५०

सुभेदार साहेब, नाही. अमेरिकेबाहेरच्या संस्थेत हा लाभ उच्च शिक्षण संस्थेतील पदवीसाठीच मंजूर होतो, व्यवसायशाळेसाठी होत नाही. भारतात परतून पदवी करायची असेल आणि ती संस्था मंजूर यादीत असेल तर तो मार्ग खुला आहे; आयटीआय किंवा खासगी वेल्डिंग केंद्र यांसाठी नाही. जे मराठी माजी सैनिक परत जाण्याचा विचार करत असतील, त्यांनी हातांचे शिक्षण येथेच पूर्ण करून जावे.

---

पूर्वरंग
७ सप्टेंबर २०२५, दुपारी ३:२५

वैराटगड, तो प्रतिनिधी आठवड्यातून तीनदा फोन का करतो, हे तुम्हाला कळावे म्हणून लिहितो.

मी नऊ वर्षांपूर्वी एका खासगी व्यवसायशाळेत वातानुकूलन आणि शीतकरण शिकत होतो. नाव घेत नाही. सात महिने झाले होते आणि एका सोमवारी दाराला कुलूप होते. शाळा बंद झाल्याची चिठ्ठी काचेवर चिकटवलेली होती. सात महिने गेले, प्रमाणपत्र नाही, आणि जिथे दुसरीकडे प्रवेश मागितला तिथे त्या तासांना कोणी मान्यता देईना. त्या वेळी पत्नी गरोदर होती. घरभाडे भरण्यासाठी मी गोदामात रात्रपाळी धरली आणि वर्षभर शिक्षणाचा विषय कोणी काढला तरी उठून जात असे.

२०१७ च्या कायद्यामुळे, ज्याला लोक फॉरेव्हर जीआय बिल म्हणतात, बंद पडलेल्या शाळांतील विद्यार्थ्यांचे महिने परत मिळण्याची तरतूद झाली आणि ती मागच्या काळालाही लागू केली गेली. माझे महिने परत आले. वर्ष परत आले नाही.

त्या काळी नफ्यासाठी चालणाऱ्या शाळांना आपल्या उत्पन्नाचा किमान दहा टक्के भाग संघराज्याच्या विद्यार्थी-मदतीव्यतिरिक्त इतर मार्गांनी मिळवावा लागत असे, परंतु जीआय बिलाचा पैसा त्या "इतर" भागात मोजला जात असे. म्हणजे एक माजी सैनिक दाखल केला की त्याच्या आधारावर कर्ज घेणारे आणखी कित्येक विद्यार्थी दाखल करता येत. २०२१ साली कायदा बदलला आणि २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून हा पैसाही सरकारी पैसा म्हणूनच मोजला जातो. पळवाट बंद झाली, तरी माजी सैनिकामागे धावण्याची सवय सुटलेली नाही.

तुम्ही प्रवेश घेण्याआधी व्हीएच्या संकेतस्थळावरील तुलना-साधनात त्या शाळेचे नाव टाका. तिथे किती माजी सैनिक शिकतात, तक्रारी किती आहेत आणि सावधगिरीचा इशारा लावलेला आहे का, हे दिसते. शाळेच्या स्वतःच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

---

जुने_कागद
७ सप्टेंबर २०२५, रात्री ९:१८

"पदवीसाठीचा लाभ लोखंडावर वाया घालवणे" या विचाराबद्दल थोडे लिहावेसे वाटते, कारण हा लाभ मुळात पदवीसाठी निर्माण झाला, ही समजूतच चुकीची आहे.

मूळ कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही केली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ७८ लाख सैनिकांनी त्याखाली शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले आणि त्यांपैकी महाविद्यालयात गेले ते सुमारे २२ लाख. उरलेले बहुसंख्य लोक व्यवसायशाळांत, कारखान्यांतील प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणात आणि शेतीच्या प्रशिक्षणात गेले. विद्यापीठाच्या हिरवळीवर पुस्तक घेऊन बसलेल्या सैनिकाचे छायाचित्र सर्वांच्या स्मरणात राहिले, परंतु संख्येने मोठा होता तो सुतारकाम, रेडिओदुरुस्ती, छपाई आणि वीजकाम शिकणारा सैनिक.

पूर्वरंग यांनी सांगितलेली फसवणूकही तितकीच जुनी आहे. १९४४ नंतर सरकार शाळेला थेट शुल्क देते म्हटल्यावर व्यवसायशाळांचे पेव फुटले, त्यांतील काही केवळ कागदावर चांगल्या होत्या, आणि टेक्सासचे प्रतिनिधी ऑलिन टीग यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने त्यांची चौकशी केली. म्हणून १९५२ च्या कोरिया-युद्धाच्या कायद्यात पैसा शाळेऐवजी सैनिकाच्या हाती देण्यात आला आणि एखाद्या अभ्यासक्रमात सरकारी लाभावर शिकणारे ८५ टक्क्यांहून अधिक नसावेत, असा नियम आला. किमान १५ टक्के विद्यार्थ्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरून तो अभ्यासक्रम निवडलेला असावा, हा त्यामागचा विचार अत्यंत शहाणपणाचा आहे आणि हा नियम आजही लागू आहे.

पोस्ट ९/११ चा लाभ १ ऑगस्ट २००९ रोजी सुरू झाला तेव्हा मात्र केवळ व्यवसायशिक्षण देणाऱ्या शाळा त्यातून वगळलेल्या होत्या. त्या १ ऑक्टोबर २०११ पासून आत आल्या. ती दोन वर्षे सोडली, तर हातांचे शिक्षण या योजनेच्या बाहेर कधीच नव्हते.

---

वैराटगड
८ सप्टेंबर २०२५, सकाळी ६:५५

सर्वांचे मनापासून आभार. सुभेदार साहेब, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि आज वडिलांना फोन करणार आहे.

तुलना-साधनात त्या खासगी शाळेचे नाव टाकून पाहिले. शाळा मंजूर आहे, परंतु जो दहा महिन्यांचा अभ्यासक्रम मला सांगितला गेला, तो मंजूर यादीत त्या नावाने नाहीच. फोनवर विचारले तेव्हा "मंजुरी येईलच" असे उत्तर मिळाले.

आणखी दोन शंका आहेत. शाळेऐवजी पाइपफिटरांच्या संघटनेत शिकाऊ उमेदवार म्हणून गेलो तर हा लाभ चालतो का? आणि उरलेले महिने मुलीच्या नावे करता येतील का?

---

दोनशेवीस_व्होल्ट
८ सप्टेंबर २०२५, दुपारी १२:४०

शिकाऊ उमेदवारीत लाभ चालतो आणि तो सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेला मार्ग आहे. मी वायुदलातून बाहेर पडून वीजकामाच्या पाच वर्षांच्या उमेदवारीच्या चौथ्या वर्षात आहे.

यात शुल्काचा प्रश्न येत नाही, कारण तुम्ही पगारी कामगार असता. त्या पगाराव्यतिरिक्त व्हीए घरभत्ता देते: पहिले सहा महिने पूर्ण, दुसरे सहा महिने ८० टक्के, त्यानंतरचे सहा ६० टक्के, पुढचे सहा ४० टक्के आणि नंतर २० टक्के. पगार वाढत जातो तसा भत्ता उतरत जातो. समजा तुमच्या भागातला भत्ता महिना २,००० डॉलर आहे, तर पहिल्या दोन वर्षांत तो ३३,६०० डॉलर होतो, आणि हे पगाराच्या वर. शिवाय ८३ डॉलर साहित्याचे. अट अशी की उमेदवारीचा कार्यक्रम मंजूर असला पाहिजे आणि महिन्याला किमान १२० तास काम झाले पाहिजे, नाहीतर भत्ता त्या प्रमाणात कापला जातो. हिवाळ्यात कामे थंडावली की हे तास भरत नाहीत, याचा अनुभव मी घेतला आहे.

पहिल्या वर्षी माझ्याबरोबरच्या तिघा माजी सैनिकांना हा लाभ मिळतो हेच ठाऊक नव्हते. एकाने तर आपले सगळे महिने आधीच्या एका संगणक-अभ्यासक्रमावर संपवले होते.

पाइपफिटरांच्या संघटनेचा सैनिकांसाठी सुमारे १८ आठवड्यांचा स्वतंत्र मोफत वर्गही काही तळांवर चालतो आणि त्यानंतर थेट उमेदवारी मिळते, परंतु तो सेवेत असतानाच, बाहेर पडण्याच्या तोंडावर घ्यायचा असतो. जे वाचक अजून सेवेत आहेत त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. वैराटगड यांना आता संघटनेच्या स्थानिक कार्यालयात जाऊन सर्वसाधारण प्रवेशाचा अर्ज करावा लागेल, आणि प्रवेश वर्षातून ठराविक काळातच उघडतो.

---

मेघना_क
८ सप्टेंबर २०२५, दुपारी २:०५

दुसऱ्या शंकेचे उत्तर देताना वाईट वाटते. महिने पत्नी किंवा मुलांच्या नावे करण्याचा अर्ज सेवेत असतानाच करावा लागतो. त्यासाठी सहा वर्षे सेवा झालेली असावी आणि पुढे आणखी चार वर्षे सेवेची हमी द्यावी लागते. सेवामुक्त झाल्यावर तो मार्ग बंद होतो. तेव्हा हे सर्व महिने तुमचेच आहेत आणि ते तुमच्यासाठीच वापरायचे आहेत.

परंतु घाई अजिबात नाही. १ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांसाठी पूर्वीची पंधरा वर्षांची मुदत २०१७ च्या कायद्याने रद्द झाली आहे. आज वर्षभर वेल्डिंग शिका, दहा वर्षे काम करा, आणि चाळिशीत वेल्डिंग तपासनीस किंवा अभियंता व्हावेसे वाटले तर उरलेले चोवीस महिने तुमची वाट पाहत असतील. सासरच्या मंडळींना हेच सांगा. पदवी आणि ट्रेड यांपैकी एकच निवडावे लागते, असे या योजनेत कुठेही नाही.

आणि "मंजुरी येईलच" या उत्तरावर प्रवेश घेऊ नका. मंजुरी संस्थेला वेगळी आणि अभ्यासक्रमाला वेगळी असते, आणि ती राज्याची मान्यता-यंत्रणा देते. मंजुरीआधी भरलेले शुल्क तुमच्या खिशातून जाईल. उलट, अभ्यासक्रम मंजूर असेल आणि तुम्ही पात्रतेचे पत्र शाळेला दिले असेल, तर व्हीएकडून पैसे यायला उशीर झाला म्हणून शाळा तुम्हाला वर्गाबाहेर ठेवू शकत नाही किंवा त्यासाठी कर्ज काढायला लावू शकत नाही. हे २०१८ च्या कायद्यात स्पष्ट आहे.

---

ऐरण
८ सप्टेंबर २०२५, रात्री १०:३३

इतका वेळ कोणीच चॅप्टर ३१ चा, म्हणजे सेवेमुळे अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या पुनर्वसन योजनेचा, विषय काढला नाही, म्हणून लिहितो.

वैराटगड, सात वर्षे वाहनांच्या कार्यशाळेत काढली म्हणजे कान, गुडघे किंवा पाठ यांपैकी काहीतरी दुखावलेले असणारच. सेवेमुळे झालेल्या अपंगत्वाचा दावा तुम्ही केला आहे का? मी केला नव्हता. कानात अखंड किणकिण होत असे आणि ती सर्वांनाच होते असे मी धरून चाललो होतो. दोन वर्षांनी एका सहकाऱ्याने मला बसवून अर्ज भरायला लावला.

दहा टक्के अपंगत्व मान्य झाले की पुनर्वसनाच्या या स्वतंत्र योजनेसाठी अर्ज करता येतो. वीस टक्क्यांना निकष सोपा आहे. दहा टक्क्यांना नोकरी मिळवण्यात गंभीर अडचण आहे, हे समुपदेशकाला पटावे लागते. मंजूर झाले तर शुल्क, पुस्तके आणि आवश्यक अवजारे यांचा खर्च ती योजना उचलते. माझे हेल्मेट, चामडी पोशाख आणि अवजारांची पेटी तिच्यातूनच आली. महत्त्वाचे म्हणजे ही योजना आधी वापरली तर जीआय बिलाचे महिने कमी होत नाहीत. आधी जीआय बिल वापरले, तर मात्र ते महिने दोन्ही योजनांच्या एकूण ४८ महिन्यांच्या मर्यादेतून वजा होतात. क्रम उलटा झाला की नुकसान होते.

समुपदेशक चांगला भेटणे हा नशिबाचा भाग आहे आणि वेळ लागतो, हे खरे आहे. माझ्या पहिल्या समुपदेशकाने मला कार्यालयीन कामाकडे वळवण्याचा प्रयत्न केला. मी वेल्डिंगच्या नोकऱ्यांच्या जाहिराती छापून नेल्या, आवाज मर्यादित असलेल्या दोन कारखान्यांची पत्रे नेली आणि तिसऱ्या भेटीत त्यांनी आराखडा मान्य केला. रिकाम्या हाताने जाऊ नका.

---

तांबटआळी
९ सप्टेंबर २०२५, सकाळी ५:५०

कामावर निघण्यापूर्वी एकच मुद्दा. ऐरण यांच्याशी पूर्ण सहमत, परंतु कानांचा त्रास असेल तर वेल्डिंगच निवडावे का, याचा विचार समुपदेशकाआधी स्वतः करा. ग्राइंडिंगचा आवाज कार्यशाळेतील इंजिनापेक्षा कमी नसतो. टिग वेल्डिंग (टंगस्टनची कांडी आणि निष्क्रिय वायू वापरून केलेले) सर्वांत शांत आहे आणि स्टेनलेस पाइपच्या कामात, म्हणजे दुग्धप्रक्रिया आणि औषधनिर्मितीच्या कारखान्यांत, त्याचीच मागणी असते. शाळा पाहायला जाल तेव्हा टिगला किती आठवडे देतात ते विचारा.

---

वैराटगड
२० सप्टेंबर २०२५, सकाळी ११:१०

दोन आठवडे धावपळीत गेले, म्हणून उशिरा लिहीत आहे.

क्लार्क्सव्हिलचे सार्वजनिक केंद्र पाहून आलो. तांबटआळी यांनी सांगितल्याप्रमाणे बूथ मोजले आणि प्रत्येक बूथमध्ये एकच विद्यार्थी उभा असल्याचे पाहिले. सरावाचे तुकडे भिंतीलगत पिंपांत भरून ठेवले होते आणि ते कोणी मोजून देत नव्हते. वेल्डिंगचा अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा, दिवसाचा, पूर्णवेळ आहे आणि मंजूर यादीत त्याच नावाने आहे. टिगला किती आठवडे मिळतील हेही शिक्षकांनी मला वेळापत्रकावर बोट ठेवून दाखवले. प्रतीक्षायादी आहे. माझे नाव जानेवारीच्या सत्रासाठी लागले असून तोपर्यंत मी एका गॅरेजमध्ये काम धरले आहे. खासगी शाळेच्या प्रतिनिधीला लेखी नकार कळवला, त्यानंतर फोन थांबले.

कानांची आणि उजव्या गुडघ्याची तपासणी करून अपंगत्वाचा दावा दाखल केला. त्याचा निकाल जानेवारीपूर्वी आला आणि चॅप्टर ३१ मंजूर झाले, तर वर्ग त्यातून करीन. निकाल आला नाही तर प्रवेश एक सत्र पुढे ढकलायचा की जीआय बिलावर सुरुवात करायची, हे पत्नीशी बोलून ठरवणार आहे; तिचे म्हणणे आहे की घरखर्च तिच्या पगारात चार महिने भागेल आणि महिने वाचवणे अधिक महत्त्वाचे आहे. पाइपफिटरांच्या कार्यालयातही जाऊन आलो. त्यांचे अर्ज वसंत ऋतूत उघडतात आणि वेल्डिंग शिकून आलेल्या उमेदवाराचे काही तास ते मोजतात, परंतु किती, ते प्रत्यक्ष चाचणीनंतरच ठरते.

वडिलांशी बोललो. त्यांनी सर्व ऐकून घेतले, खर्चाचे काहीच विचारले नाही, आणि मग एवढेच विचारले की तिकडे सुरुवात सहा-शून्य-एक-तीन क्रमांकाच्या वेल्डिंगच्या कांडीने करतात की थेट सात-शून्य-एक-आठने. मला सांगता आले नाही. शिक्षकांना विचारून कळवतो म्हटले आहे.